कोल्हापुरात भाड्यानं घर: कोणता भाग सुरक्षित, हे ठरवायचं कसं?

नाशिकच्या एका कुटुंबानं विचारलं आहे. बदलीमुळं ते कोल्हापूरला येताहेत. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घेणार, आणि सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा दिवसभर घरी. तीन घरं पाहून ठेवली आहेत: राजारामपुरीत गल्लीतल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मंगळवार पेठेतलं जुनं दुमजली घर, आणि आर. के. नगरच्या बाजूला नवा बंगला. यातला सुरक्षित भाग कोणता, गुन्ह्यांचं प्रमाण कुठं पाहायला मिळेल, आणि 'अमक्या वस्तीजवळ घेऊ नका' असं जे लोक सांगतात त्यात तथ्य किती, असे तीन प्रश्न आहेत.

माझी नोकरी पोलीस खात्यात झाली, त्यातली बरीच वर्षं शहरातल्या ठाण्यांत आणि गुन्हे शोध पथकात. घरफोडीचे पंचनामे करताना शेकडो घरांच्या कड्या-कोयंड्यांकडं जवळून पाहिलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

तिघांतलं एक निवडायचं तर तुमच्या कुटुंबासाठी मी राजारामपुरीतला फ्लॅट निवडेन. पण राजारामपुरी सुरक्षित आणि बाकीचे भाग असुरक्षित, असा त्याचा अर्थ काढू नका. मंगळवार पेठेत राहायला जा, असं मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगेन. आर. के. नगरातही असंख्य कुटुंबं निर्धास्त राहतात. घरात दिवसभर कोण असतं, कोण किती वाजता परततं आणि घर कसं बांधलंय, यावर माझं उत्तर बेतलेलं आहे. उद्या चौथं घर समोर आलं तर तुम्हाला स्वतःला ठरवता यावं म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी देशाचा अहवाल काढतो. त्यात शहरवार तक्ते वीस लाखांवरच्या महानगरांचेच असतात. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि नागपूर. कोल्हापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५ लाख ४९ हजार होती, त्यामुळं आपलं शहर त्या तक्त्यात बसत नाही. येतो तो अख्खा जिल्हा, ३८ लाख ७६ हजार लोकांचा. चंदगडपासून शिरोळपर्यंतचा एकत्र आकडा हातात घेऊन राजारामपुरीतल्या गल्लीबद्दल काही कळत नाही. इंटरनेटवर कोल्हापूरचा म्हणून जो 'सेफ्टी इंडेक्स' दिसतो, तो लोकांनी भरलेल्या मतांवर काढलेला असतो. नोंदलेल्या गुन्ह्यांशी त्याचा संबंध नसतो. तो बाजूलाच ठेवा.

तुमच्या कामाचं एकक म्हणजे पोलीस ठाणं. शहरात जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी आणि राजारामपुरी ही ठाणी, आणि भोवतीनं करवीर, गांधीनगर, शिरोली एमआयडीसी, गोकुळ शिरगाव. मंगळवार पेठ जुना राजवाडा ठाण्याकडं येते, आर. के. नगर करवीरकडं. घर हद्दीच्या टोकाला असेल तर नेमकं कोणतं ठाणं लागू, हे आधी पक्कं करा. मग दोन वाटा आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफआयआर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून पाहता येतात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, तेव्हापासून एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकणं पोलिसांना बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तेवढे त्यातून वगळले जातात. एका संध्याकाळी बसून गेल्या तीन-चार महिन्यांचे एफआयआर वाचा. घटनास्थळ, वेळ, चोर आत कसा शिरला, काय गेलं, हे सगळं फिर्यादीत असतं. सरासरीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा हे वाचन जास्त शिकवतं. दुसरी वाट माहिती अधिकाराची. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडं अर्ज करा आणि 'भाग १ ते ५ च्या गुन्ह्यांची ठाणेवार, शीर्षवार, महिनावार माहिती, मागील तीन वर्षे' एवढंच मागा (भाग १ ते ५ ही पोलिसांच्या नोंदीतली गुन्ह्यांची वर्गवारी, शीर्ष म्हणजे गुन्ह्याचा प्रकार). नेमकं मागितलं की तीस दिवसांत नेमकं मिळतं. 'आमच्या भागातील गुन्हेगारीची माहिती द्यावी' असा मोघम अर्ज केलात तर उत्तरही मोघमच येईल.

हे आकडे वाचताना फसगत होते ती मुख्यतः भागाकारात. गुन्हेदर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागं किती गुन्हे. हे लाख लोक तिथं राहणारे धरतात. पण गुन्हा तिथं राहणाऱ्याच्याच बाबतीत घडतो असं कुठं आहे? शाहूपुरी ठाण्याच्या हद्दीत मध्यवर्ती बसस्थानक येतं. गारगोटीच्या गाडीत चढताना एखाद्या बाईच्या पर्समधली बोरमाळ गेली, तर गुन्हा शाहूपुरीत चढतो आणि बाई राहते भुदरगडात. जुना राजवाड्याच्या हद्दीत अंबाबाईचं मंदिर. नवरात्रात तिथं लोटणारी गर्दी आणि पेठेत राहणारी माणसं यांची तुलनाच होत नाही, पण पाकीटमारीचा गुन्हा ठाण्याच्याच खात्यात जमा. उलट रेल्वे स्थानकात फलाटावर मोबाइल गेला तर तो लोहमार्ग पोलिसांकडं जातो, शाहूपुरीच्या आकड्यात दिसतच नाही. म्हणून ठाण्याचा एकूण आकडा मोठा दिसला म्हणून तिथल्या गल्लीत राहणाऱ्याला धोका मोठा, असं गणित मांडू नका. एकूण आकडा सोडा आणि घरफोडी, दुचाकी चोरी, जबरी चोरी, विनयभंग अशी शीर्षं सुटी करून पाहा.

घरफोडीचा हिशेब तर लोकसंख्येवर करूच नये, घरांवर करावा. समजा, एका हद्दीत १ लाख २० हजार लोक आहेत आणि वर्षात ६० घरफोड्या नोंदल्या. लाखामागं ५० म्हटलं की आकडा अंगावर येतो. चार माणसांमागं एक घर धरलं तर ती ३० हजार घरं झाली, म्हणजे पाचशे घरांत एक. आणि या साठांपैकी बहुतेक घरं त्या वेळी कुलूपबंद असतात. ज्या घरात माणूस आहे, त्याचा वाटा आणखी खाली येतो. ही संख्या मी उदाहरणासाठी घेतली आहे. तुम्हाला माहिती अधिकारात जी मिळेल ती टाकून हाच हिशेब करा.

आकडा वाढला म्हणजे परिस्थिती बिघडली, हेही खरं नाही. केरळचा गुन्हेदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर असतो, आणि त्याच केरळात नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत दोषारोपपत्र दाखल होतं. तिथं लोक ठाण्यात जातात आणि ठाणं लिहून घेतं. ज्या ठाण्यात फिर्याद घेण्यापेक्षा 'अर्ज देऊन जा, बघतो' असं म्हणण्याची सवय आहे, त्याचा तक्ता मोठा देखणा दिसतो. मी स्वतः त्या टेबलावर बसलो आहे आणि मला हे आजही सलतं, कारण न लिहिलेल्या गुन्ह्याचा तपास होत नाही आणि तोच चोर पुढच्या गल्लीत जातो. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. हिसकावून केलेल्या चोरीला कलम ३०४ असं वेगळं कलम मिळालं, आणि पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र वर्गात गेली, म्हणजे तिचा थेट एफआयआर होत नाही. त्यामुळं २०२३ आणि २०२५ चे चोरीचे आकडे शेजारी ठेवून कुणी 'चोऱ्या घटल्या' किंवा 'वाढल्या' म्हणत असेल तर आधी कलमं विचारा.

आता तुमची तीन घरं.

आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव या बाजूला शहर गेल्या काही वर्षांत भराभर वाढलं, पण महापालिकेची हद्द १९७२ पासून तिथंच आहे. कॉलनी शहरासारखी, कारभार ग्रामपंचायतीचा, आणि पोलीस ठाणं करवीर, ज्याच्याकडं याखेरीज खेडीही भरपूर. रात्रगस्तीची एक गाडी किती गावांना पुरणार? तिथं बंगले सुटे सुटे, मधे मोकळे प्लॉट, त्यात पुरुषभर वाढलेलं गवत. शेजारच्या घरात काय आवाज झाला ते ऐकू येत नाही. या रचनेत मारामारी, छेडछाड फारशी नसते. धोका असतो तो बंद घराच्या घरफोडीचा. चोर आधी दोन-तीन दिवस फिरून पाहून जातो. दारातली दुधाची पिशवी तशीच, पोर्चमधला दिवा भरदिवसा चालू, फाटकाला बाहेरून कुलूप, एवढं त्याला पुरतं. गणपती-दिवाळीला गावी जाणं आणि मे महिन्याची सुट्टी हा त्यांचा हंगाम. तुमच्या घरी आजी-आजोबा असल्यानं घर बंद राहणार नाही, हे चांगलं. पण दोन वृद्ध माणसं सुट्या बंगल्यात दिवसभर एकटी, हाक ऐकायला शेजारी जवळ नाही, हे मला पटत नाही. तेवढ्या एका कारणासाठी मी तो बंगला मागं ठेवतो. आजी-आजोबा नसते आणि तुम्ही तरुण जोडपं असता, तर कॅमेरा, मागच्या दाराला लोखंडी ग्रिल आणि चांगले शेजारी बघून मी तोच बंगला घ्या म्हटलं असतं.

मंगळवार पेठेचं अगदी उलट. तिथं घराला घर चिकटलेलं, बोळात अनोळखी माणूस शिरला की चार दारांतून 'कुणाकडं आलाय?' असा प्रश्न येतो. तालमीच्या कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत पोरं बसलेली असतात. बाहेरून येणाऱ्याला ती पोरं बघून बिचकायला होतं, पण मी सांगतो, गल्लीतल्या आजीला दवाखान्यात न्यायचं असेल तर सगळ्यात आधी उठतात ती हीच. पेठेतले गुन्हे वेगळ्या जातीचे. दोन गटांतली जुनी खुन्नस, वर्चस्वाचा वाद, मिरवणुकीत झालेली बाचाबाची, शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा सामना झाल्यावरची हुल्लडबाजी. वर्तमानपत्रात मथळा मोठा येतो: 'भरचौकात तलवारी नाचवल्या'. त्यात मारणारा आणि मार खाणारा बहुतेक वेळा एकमेकांना नावानं ओळखत असतात. भाड्यानं राहणाऱ्या नोकरदार कुटुंबाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. पेठेतल्या घराबद्दल माझी हरकत चोरांची नाहीच: जुन्या घराचा जिना अरुंद आणि उभा, आजोबांना रोज चढ-उतार, शिवाय दुचाकी बोळात उघड्यावर लावावी लागणार. खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि संडास असेल तर हे घर पुन्हा विचारात घ्या.

राजारामपुरीत मुख्य रस्त्याला दुकानं, दवाखाने, क्लासेस, आणि गल्ल्यांत राहती वस्ती. रात्री बऱ्याच उशिरापर्यंत वर्दळ. इथं सांभाळायची ती दुचाकी आणि मोबाइल. कामापुरती दोन मिनिटं किल्ली तशीच ठेवून गेलेली गाडी, हँडल लॉक न केलेली जुनी मॉडेलं, हेच उचललं जातं. साखळी आणि डिस्क लॉक लावलेल्या गाडीजवळ चोर सहसा थांबत नाही, कारण शेजारी बिनकुलपाची उभी असते. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट असल्यानं खिडकीवाटे शिरणं अवघड. पण मागच्या बाजूनं ड्रेनेजचा पाइप गॅलरीला लागून गेलाय का, गच्चीचं दार रात्री बंद होतं का, एवढं पाहाच. शेजारी त्याच मजल्यावर, आजींनी दार वाजवलं तर उघडणारे. विद्यापीठही जवळ. म्हणून हे घर.

'अमक्या वस्तीजवळ नको' याबद्दल मला जरा मनापासून लिहायचं आहे. ती वस्ती कोणती हे तुम्ही कळवलं आहे, मी मुद्दाम नाव घेत नाही. एफआयआरमध्ये आरोपीचा पत्ता आणि घटनास्थळ या दोन वेगळ्या ओळी असतात. लोक आरोपीच्या पत्त्यावरून वस्ती धोकादायक ठरवतात. घरफोडी करणारा आपल्या गल्लीत चोरी करत नाही, तिथं त्याला सगळे ओळखतात. कित्येकदा तो जिल्ह्याच्याच काय, राज्याच्याही बाहेरून आलेला असतो. त्या बदनाम वस्त्यांत पहाटे उठून भाजी मंडईत हमालीला जाणारी, उद्यमनगरात लेथवर उभी राहणारी, तुमच्या-आमच्या घरी धुणंभांडी करणारी माणसं राहतात. गुंडांचा पहिला मार आणि खासगी सावकाराचा पहिला जाच त्यांनाच सोसावा लागतो. पत्ता सांगितला म्हणून नोकरी नाकारलेली पोरं मी पाहिली आहेत. हे ज्या शहरात घडतं त्याच शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांवरची पोलीस हजेरी बंद केली, आणि चोर म्हणून हिणवलेल्या फासेपारध्यांना काम आणि वसाहत दिली. ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडावं लागलं. माणूस कुठल्या जमातीत वा वस्तीत जन्मला यावरून त्याचा गुन्हा ठरत नाही, हे कोल्हापूरनं देशाच्या कितीतरी आधी करून दाखवलं. ज्याच्यावर खरोखर गुन्हे आहेत त्याच्यासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खाली तडीपारी आहे, टोळीला मोक्का आहे. ती कारवाई नावानिशी होते, वस्तीवर होत नाही. घर निवडतानाही तसंच करा: वस्तीपासूनचं अंतर मोजत बसू नका, तुमच्या घरापर्यंतचा रस्ता पाहा.

आजी-आजोबांना खरा धोका दार फोडणाऱ्याचा कमी आणि दार वाजवून गोड बोलणाऱ्याचा जास्त. 'दागिने पॉलिश करून देतो' म्हणणारे, 'पुढं खून झालाय, आम्ही पोलीस आहोत, अंगावरचं सोनं काढून या कागदात ठेवा' म्हणणारे तोतये, हे फिरत्या टोळ्यांचे जुने प्रकार आजही चालतात. आजींना एकच वाक्य पाठ करून ठेवायला सांगा: पोलीस रस्त्यात कुणाचेही दागिने काढून घेत नाहीत. फोनवरून होतं ते याहून मोठं. 'तुमच्या नावानं पार्सल पकडलंय, व्हिडिओ कॉल बंद करू नका, तुम्हाला डिजिटल अटक झालीय' असं सांगून निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी नेतात. अशी कुठलीही अटक कायद्यात नाही. या गुन्ह्याला ना राजारामपुरी लागते ना आर. के. नगर, भाग बदलून त्यातून सुटका होत नाही. पैसे गेलेच तर ठाण्याचा रस्ता धरण्याआधी १९३० ला फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम बँकेतच गोठवता येण्याची शक्यता बरीच असते.

मुलीच्या बाबतीत आई-वडिलांचं सगळं लक्ष अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर असतं. रस्त्याची काळजी रास्तच आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ती ज्या वेळी परतेल, त्याच वेळी तुम्ही स्वतः त्या रस्त्यानं दुचाकीवरून या. कुठले दिवे बंद आहेत, कुठली दुकानं तेव्हा उघडी असतात, ते दिसेल. त्रास देणारं कुणी असेल तर ११२ आणि निर्भया पथक दोन्ही आहेत, आणि तक्रार करताना मुलीनं एकटीनं जायची गरज नाही. पण देशभरात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण दरवर्षी नव्वद टक्क्यांच्या वर असतं, हेही तिच्याशी मोकळेपणानं बोला. आणि तिच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका कशाचा, तर गाडीवरून पडण्याचा. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. जवळपास सहापट. पोरीला मिरचीचा स्प्रे घेऊन देणारे पालक हेल्मेटसाठी मात्र आग्रह धरत नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते.

काही घडलंच तर फिर्याद द्यायला मागं हटू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं. आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात ती 'शून्य' क्रमांकानं नोंदवता येते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंद घेतली नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. घरफोडी झाल्याचं दिसलं तर पंचनामा होईपर्यंत कपाट, कडी, खिडकी कशाला हात लावू नका. आवराआवर करायचा मोह होतो आणि ठसे पुसले जातात.

आगाऊ रक्कम देण्याआधी राजारामपुरीच्या त्या इमारतीत तीन वेळा जा: दुपारी दोनच्या सुमारास, रात्री दहानंतर, आणि एका रविवारी. दुपारी जिन्यात कुणी हटकतं का ते बघा. तळमजल्यावरच्या दुकानदाराशी बोला, त्याला गल्लीतलं सगळं माहीत असतं. ठाण्यात जाऊन त्या भागाचा बीट अंमलदार कोण ते विचारा आणि त्याचा नंबर आजोबांच्या फोनमध्ये घाला. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद ठेवायला ठाण्यात सांगता येतं. तुमच्याकडचे आजी-आजोबा दिवसा एकटेच असतात, तेही सांगा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची जबाबदारी घरमालकाची, पण तो टाळत असेल तर तुम्हीच आठवण करा, तुमच्याच फायद्याची गोष्ट आहे. दाराला साखळी आणि पाहायची भिंग-खिडकी नसेल तर ती, गॅलरीला ग्रिल, जिन्यात दिवा, आणि जुन्या भाडेकरूकडं किल्ली राहिली असेल म्हणून नवं कुलूप, हे चारही खर्च कोण करणार ते भाडेकरारातच लिहून घ्या. एकदा राहायला गेल्यावर घरमालक त्याला तयार होत नाही.